पाझर आणि आटीव : पाण्यातील जड धातू व त्यांची मराठी परिभाषा

शास्त्रीय परिभाषेची परीक्षा आपल्याकडे बहुधा दोन कसोट्यांवर केली जाते. शब्द संस्कृताच्या घडणीचा आहे काय, ही एक. आणि तो सामान्य माणसाच्या तोंडी बसेल काय, ही दुसरी. तिसरी एक कसोटी क्वचितच लावली जाते. शब्दाने ज्या क्रियेचा निर्देश होतो ती क्रिया त्या शब्दातून पुरी दिसते की अर्धीच दिसते, ही ती कसोटी होय. कारखान्यांच्या सांडपाण्यातून क्रोमियम, निकेल, शिसे, कॅडमियम इत्यादी धातू पटलाच्या साहाय्याने वेगळे काढण्याची जी विद्या गेल्या साठ-सत्तर वर्षांत वाढीस लागली, तिच्या मराठी शब्दांस ही तिसरी कसोटी लावून पाहण्याचा येथे विचार आहे. आमचे म्हणणे असे की, ही परिभाषा क्रियेचे एकच फळ सांगते व दुसरे गिळून टाकते. आणि हा दोष मराठी भाषेच्या प्रकृतीतला नसून परिभाषा घडविणाऱ्यांच्या सवयीतला आहे.

विवेचनासाठी प्रकाशा हे गाव डोळ्यांपुढे ठेवणे सोयीचे होईल. शहादा तालुक्यातील हे गाव तापी व गोमाई यांच्या संगमावर वसले आहे. (नंदुरबार जिल्हा १९९८ साली धुळे जिल्ह्यातून वेगळा झाला, त्यापूर्वीच्या लेखनात प्रकाशा धुळे जिल्ह्यात सापडेल.) संगमेश्वर व केदारेश्वर ही येथील देवस्थाने, 'दक्षिण काशी' हा गावाचा लौकिक, पर्वस्नानासाठी व उत्तरक्रियेसाठी दुरून लोक येथे येतात. १९५५ साली पुरातत्त्व खात्याचे बी. के. थापर यांनी येथील पांढरीच्या टेकाडाचे उत्खनन केले, तेव्हा तळाशी ताम्रपाषाणयुगीन वस्ती व तिच्यावर लोखंड वापरणाऱ्या लोकांचे थर आढळले. आता येथे तापीवर बॅरेज आहे. पूर्णा, वाघूर, गिरणा, बोरी, पांझरा या नद्यांचे पाणी येथवर पोहोचण्यापूर्वीच तापीला मिळालेले असते. म्हणजे बऱ्हाणपूर व भुसावळ तर राहोच, पांझरेकाठचे धुळे आणि गिरणेच्या खोऱ्यातले मालेगावही या संगमाच्या वरच्या अंगास आहेत. वरच्या अंगास जे पाण्यात सोडले जाईल ते खालच्या गावाचे होते, ही गोष्ट नदीकाठच्या माणसास कोणी शिकवावी लागत नाही.

अशा गावी 'शुद्ध' हा शब्द एकाच दिवसात तीन ठिकाणी भेटतो. घाटावर तो धर्मशास्त्राच्या अर्थाने येतो, दुकानात पाण्याच्या जारवर लिहिलेला असतो, आणि सरकारी योजनेच्या फलकावर 'शुद्धीकरण' या रूपाने झळकतो. घाटावरील अर्थाशी आमचे भांडण नाही. तेथे शुद्धी ही माणसाची होते, पाण्याची नव्हे. परंतु उरलेल्या दोन ठिकाणी हा शब्द घाटावरील पुण्याई उसनी घेऊन वावरतो. शुद्ध पक्ष, शुद्धलेखन, शुद्धीवर येणे, भाषाशुद्धी या सर्व प्रयोगांत 'शुद्ध' हे एका स्थितीचे नाव आहे. काय काढले आणि ते कोठे ठेवले, याविषयी हा शब्द मौन पाळतो. सावरकरांनी व माधवराव पटवर्धनांनी भाषाशुद्धीचा पुरस्कार केला तेव्हा फारसी शब्द पुस्तकांतून गेले. बाजारात, कचेरीत आणि शिवीगाळीत ते सुखाने नांदत राहिले. पाण्यातून काढलेल्या धातूचेही असेच होते. फरक इतकाच की, शब्दाने कोणाचे मूत्रपिंड बिघडत नाही.

'शुद्ध' शब्दाचा हा एकांगीपणा सोनाराच्या पेढीवर अधिक स्पष्ट होतो. तेथे शुद्धीकरण म्हणजे धातूवेगळे जे जे असेल ते काढून टाकणे, आणि जलशास्त्रज्ञाच्या मते शुद्धीकरण म्हणजे पाण्यातून धातूच काढून टाकणे. क्रिया एकच, वियोजनाची. कोणत्या बाजूस उभे राहून बोलतो, त्यावर 'शुद्ध' कोण ते ठरते. दोन्ही बाजू ओळखणारा धंदेवाईक आपल्याकडे होता. सोनारपेठेतील केर व राख विकत घेऊन, ती धुऊन-गाळून तीतील सोन्यारुप्याचे कण काढणाऱ्यास मराठीत झारेकरी म्हणतात. इतरांचा केर हेच त्याचे भांडवल. टाकाऊ पाण्यातून धातू मिळविण्याच्या आधुनिक विद्येला मराठीत कोणी पूर्वज शोधावयाचा असेल, तर तो तीर्थोपाध्याय नव्हे, झारेकरी होय.

संस्कृताची बाजू घेणाऱ्यांनीही येथे थोडे मागे वळून पाहावे. 'पवित्र' हा शब्द आज आपणांस केवळ धार्मिक वाटतो; परंतु ऋग्वेदाच्या नवव्या मंडलात 'पवित्र' हे सोमरस गाळण्याच्या लोकरीच्या गाळणीचे नाव आहे. पू या धातूस लागलेला 'इत्र' हा प्रत्यय साधनवाचक आहे. खनित्र म्हणजे खणण्याचे साधन, तद्वत पवित्र म्हणजे गाळण्याचे साधन. आणि त्या भाषेने गाळून झाल्यावर उरणाऱ्या चोथ्यालाही नाव दिले होते : ऋजीष. यज्ञाच्या अखेरीस अवभृथाच्या वेळी हे ऋजीष पाण्यात सोडीत. पाण्यात सोडण्याची रीत पुढे चालविण्याजोगी आहे असे नव्हे. पण त्याला नाव होते, आणि त्याची वाट लावणे हा विधीचाच एक भाग होता. आमच्या परिभाषाकारांनी वेदांतून 'पवित्र'ची पुण्याई घेतली आणि ऋजीष तेवढे मागे ठेवले.

आता 'जड धातू' या शब्दाकडे वळू. इंग्रजी शब्दाचे हे सरळ भाषांतर असून मूळ शब्दच सदोष आहे. शुद्ध व उपयोजित रसायनशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय संघाने २००२ साली प्रसिद्ध केलेल्या जॉन डफस यांच्या अहवालात या संज्ञेच्या अनेक व्याख्या एकत्र मांडल्या आहेत. कोणी घनता पाहतो, कोणी अणुभार, कोणी अणुक्रमांक, कोणी विषारीपणा. आणि या व्याख्या एकमेकींशी जुळत नाहीत. आर्सेनिक तर निखळ धातूही नव्हे, तरी ते या यादीत असतेच. मराठीत येताना या गोंधळात आणखी भर पडली. 'जड' म्हणजे वजनदार, तसेच अचेतन, तसेच मंद. 'धातू' म्हणजे खनिज, तसेच क्रियापदाचे मूळ, तसेच आयुर्वेदातील रस, रक्त, मांस, मेद, अस्थी, मज्जा, शुक्र. भाषाशास्त्राच्या वर्गात 'जड धातू' म्हटले तर विद्यार्थी कठीण क्रियापद समजतील! विनोद सोडला तरी एक योगायोग नोंदविण्यासारखा आहे. शिसे शरीरात गेले की त्याचा फार मोठा भाग हाडांत साठतो. म्हणजे एका अर्थाचा धातू दुसऱ्या अर्थाच्या धातूत वस्तीला जातो. जपानमध्ये जिन्झू नदीच्या खोऱ्यात खाणींतून आलेल्या कॅडमियममुळे जो रोग पसरला, व ज्याचे कारण तेथील सरकारने १९६८ साली मान्य केले, त्याचे नाव 'इताइ-इताइ' असे आहे. 'दुखते, दुखते' हा रोग्याचा कण्हण्याचा उद्गार हेच रोगाचे नाव झाले. त्या नावात सारे काही आहे. 'जड धातू' या शब्दात काय आहे? वाचकाची अशी समजूत होते की, जड आहे म्हणजे तळाशी बसेल, आणि वरचे पाणी निवळ होईल. झारेकऱ्याच्या पाटीतल्या सोन्याच्या कणाविषयी ही समजूत खरी आहे. पाण्यात विरघळलेल्या आयनाविषयी ती साफ खोटी आहे. विरघळलेले कॅडमियम तळाशी बसत नाही, दिसत नाही, त्याला वास नाही, चव नाही. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, म्हणजे आयएस १०५०० च्या २०१२ च्या आवृत्तीत, कॅडमियमची मर्यादा लिटरला ०.००३ मिलिग्रॅम, शिशाची ०.०१ आणि पाऱ्याची ०.००१ मिलिग्रॅम अशी आहे. एवढ्या अल्प प्रमाणाविषयी बोलताना 'जड' हे विशेषण कानाला खटकावे. 'विषारी धातू' हा शब्दही निर्दोष नाही, कारण तांबे व जस्त अल्प प्रमाणात शरीरास हवेच असतात. तरी तो वाचकास निदान चुकीच्या दिशेने नेत नाही.

'सांडपाणी' हा शब्द मात्र अस्सल आहे. प्राकृत 'छंड'पासून आलेल्या 'सांडणे' या क्रियापदाचा जुन्या मराठीतला अर्थ टाकणे, सोडून देणे असा आहे. ज्ञानेश्वरीत तो पदोपदी भेटतो. घरातले सांडपाणी मोरीतून परसात केळीच्या बुंध्याशी जाई, म्हणून ते सांडूनही कामास येई. हा निरुपद्रवी घरगुती शब्द आपण धातूवर मुलामा चढविणाऱ्या कारखान्यातील क्रोमियमच्या पाण्यास जसाच्या तसा लावला. त्या पाण्यावर केळ लावून चालणार नाही, हे शब्द सांगत नाही. नदीच्या प्रदूषणाचे मोजमापही पुष्कळदा याच घरगुती कल्पनेवर उभे असते. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१८ साली देशातील नद्यांचे ३५१ पट्टे प्रदूषित ठरविले, त्यांपैकी ५३ महाराष्ट्रातील होते. परंतु ही गणना पाण्यातील जैविक घाण किती प्राणवायू खाते यावरून केलेली आहे. मैला व मळी यांचा हिशेब तीत लागतो. धातू प्राणवायू खात नाही, म्हणून त्या हिशेबात तो येतच नाही.

आता मुख्य क्रियापद 'गाळणे'. गल् म्हणजे ठिबकणे, त्याचे प्रयोजक रूप गाळणे. या शब्दामागे फडके आहे, चाळण आहे. छिद्र लहान असेल तर कण अडेल, मोठे असेल तर सुटेल, असे चित्र आहे. पटलविद्येच्या पहिल्या पायऱ्यांपुरते हे चित्र खरे आहे. सूक्ष्मगाळणीच्या पटलाची छिद्रे साधारणतः मायक्रॉनच्या दशांशापासून पुढे असतात. अतिसूक्ष्म गाळणीची त्याहून कितीतरी बारीक, अगदी काही नॅनोमीटरपर्यंतची. त्यांत गढूळपणा व जंतू अडतात, अतिसूक्ष्म गाळणीत बरेचसे विषाणूही अडतात. पण पाण्याचे कवच अंगावर घेऊन फिरणारा निकेलचा आयन एका नॅनोमीटरहूनही लहान असतो. तो या दोन्ही गाळण्यांतून सहज निघून जातो. त्याला अडवावयाचे तर निराळी युक्ती हवी. पाण्यात असा एखादा मोठ्या रेणूचा पदार्थ घालतात की जो धातूच्या आयनाला धरून ठेवील. मग तो मोठा रेणू पटलाशी अडतो व त्याबरोबर आयनही अडतो. सुटा दाणा चाळणीतून पडतो, पुरचुंडीत बांधलेला पडत नाही, तसा हा प्रकार आहे.

याहून पुढची पायरी नॅनोगाळणीची. मराठीत तिला 'अब्जांश गाळण' म्हणता येते. येथे फडक्याचे चित्र निरुपयोगी ठरते, कारण छिद्राइतकेच महत्त्व विद्युत्भाराला येते. पटलावर बहुधा ऋण भार असतो, आणि दुहेरी भाराचे आयन एकेरी भाराच्या आयनांपेक्षा अधिक अडतात. एकच मूलद्रव्य आपले रूप पालटून कसे निसटते, हे पाहण्यासारखे आहे. आर्सेनिकचे एक रूप साध्या पाण्यात भाररहित असते, म्हणून ते पटलातून तुलनेने सुलभतेने पार होते. त्याचे प्राणवायूशी अधिक जोडले गेलेले दुसरे रूप ऋणभारित असते, ते अडते. म्हणून आधी पहिल्याचे दुसऱ्यात रूपांतर करावे लागते. व्याकरणाच्या परिभाषेत सांगावयाचे तर मूळ तेच राहते, विकरण बदलते. 'गाळणे' हा शब्द ऐकणाऱ्यास वाटते की बारीक जाळी विकत आणली की काम झाले. गावोगाव पाण्याची यंत्रे विकणाऱ्यांचा व्यापार या समजुतीवर चालतो.

शेवटची पायरी 'व्यस्त परासरण' नावाची. मूळ परासरणाचा प्रयोग १७४८ साली फ्रान्समध्ये नोले यांनी डुकराच्या मूत्राशयाचे पातळ कातडे घेऊन केला. युरोपीय भाषांतील शब्द ग्रीकमधील 'ढकलणे' या अर्थाच्या शब्दावरून आला. मराठीत जुन्या शास्त्रीय लेखनात यास 'तर्षण' म्हटलेले आढळते, व पाठ्यपुस्तकांत 'परासरण' आले. तृष् म्हणजे तहान लागणे. क्षारयुक्त द्राव तहानलेला असतो व पटलापलीकडले गोडे पाणी ओढून घेतो, ही कल्पना ग्रीक शब्दाहूनही नेमकी आहे. असा शब्द मागे पडून 'परासरण' हा नुसते पलीकडे सरकणे सांगणारा फिका शब्द रूढ झाला, याचा खेद वाटतो. त्यावर 'व्यस्त' हे विशेषण चढविले, तेव्हा व्यस्त प्रमाण शिकलेल्या पिढीस ते समजले. हिंदीच्या प्रभावाखाली वाढलेल्या आजच्या विद्यार्थ्यास 'व्यस्त' म्हणजे कामात गढलेला. बोलभाषेने या घोळातून स्वतःची सुटका करून घेऊन 'आरओ' एवढे दोनच अक्षरी नाव स्वीकारले.

हे उलटे परासरण व्यवहारात उतरले ते १९६० च्या सुमारास. कॅलिफोर्नियात लोब व मूळचे भारतीय असलेले सौरिराजन यांनी सेल्युलोज ॲसिटेटचे असे पटल तयार केले की ज्याचा वरचा थर अत्यंत पातळ व खालचा सच्छिद्र होता. १९६५ साली तेथील कोलिंगा गावी अशा पटलांवर चालणारे केंद्र सुरू झाले. आजच्या पटलाचा काम करणारा थर मायक्रॉनचा दशांश-पंचमांश इतकाच जाड असतो, आणि अशी कापडासारखी पाने नळीभोवती वळकटीसारखी गुंडाळून यंत्रात बसवितात. या थराला 'पटल' म्हणण्यापेक्षा 'पापुद्रा' म्हणणे आम्हांस अधिक मराठी वाटते. पटल विधानसभेतही असते आणि संगणकासही असते. पापुद्रा म्हणताच कांद्याचा तो तलम, किंचित पाझरणारा पदर डोळ्यांपुढे येतो.

येथवरचे दोष शब्दाशब्दांचे झाले. मूळ दोष पुढेच आहे. पटलावर दाबाने पाणी लोटले असता ते दोन ठिकाणी जाते. काही पाणी पार होते, काही मागे राहते. समजा, लिटरला १ मिलिग्रॅम निकेल असलेले १०० लिटर पाणी घेतले, त्यातील ७५ लिटर पार झाले व निकेल जवळजवळ सगळे अडले. मागे राहिलेल्या २५ लिटरांत आता लिटरला सुमारे ४ मिलिग्रॅम निकेल आहे. एकूण निकेल आधी १०० मिलिग्रॅम होते, आताही तेवढेच आहे. पटलाने काहीही नष्ट केलेले नाही. सेंद्रिय घाणीला जंतू खातात व तिचे वायू होतात. धातूला खाणारे कोणी नाही. तापीकाठच्या ताम्रपाषाणयुगातले तांबे तीन सहस्र वर्षांनंतरही तांबेच असते, यावरून वाचकाने काय ते समजावे. 'शुद्धीकरण' या शब्दात ७५ लिटर आहेत. २५ लिटरांना मराठी परिभाषेत सर्वमान्य नाव नाही. यंत्रावरच्या त्या नळीला सर्वत्र 'रिजेक्ट' म्हणतात, व ती बहुधा गटारात सोडलेली असते. गावातल्या पिण्याच्या पाण्याच्या यंत्रापुरते पाहिले तर त्या नळीत मुख्यतः साधे क्षार असतात व प्रश्न पाण्याच्या नासाडीचा असतो. राष्ट्रीय हरित लवादाने २०१९ साली ज्या पाण्यात विरघळलेले क्षार लिटरला ५०० मिलिग्रॅमहून कमी आहेत तेथे ही यंत्रे वापरू नयेत असे म्हटले, ते यासाठीच. मुलाम्याच्या कारखान्यातील नळीची गोष्ट वेगळी आहे.

मराठी भाषा अशी कधी नव्हती. वेगळे करण्याची प्रत्येक क्रिया तिने दोन नावांनी बांधली आहे. तूप कढविले की बेरी उरते. रस काढला की चोथा. पीठ चाळले की कोंडा. पाणी स्थिर ठेवले की वर निवळ, खाली गाळ किंवा साका. खानदेशात कापूस पिंजला म्हणून कोणी म्हणत नाही. सरकी काढली म्हणतात, आणि रुई व सरकी दोन्ही वजन करून विकतात. उसाचे चिपाड चुलाणात जाते, साखर कारखान्यातली मळी मद्यार्काला जाते. उरलेल्या भागाला नाव असले की त्याला गिऱ्हाईक मिळते, जागा मिळते, निदान त्याच्यावरून भांडण तरी होते. बिननावी वस्तूचे भांडण कसे करावयाचे?

तेव्हा या २५ लिटरांस काय म्हणावे? 'गाळ', 'साका' व 'चोथा' हे तिन्ही शब्द आम्ही विचारात घेऊन बाजूस ठेवले. कारण ते डोळ्यांस दिसणाऱ्या घन वस्तूचे वाचक आहेत, आणि हे पाणी काचेसारखे स्वच्छ दिसू शकते. 'त्याज्य जल' हा संस्कृत शब्द मिळतो, पण त्याज्य म्हणजे टाकण्याजोगे, आणि टाकावयाचे नाही हाच तर मुद्दा आहे. 'संहत द्राव' हा शास्त्राच्या दृष्टीने बिनचूक असला तरी पाठ्यपुस्तकाबाहेर पडणार नाही. आमच्या मते 'आटीव' हा शब्द सर्वांत योग्य होय. दूध आटविताना पाणी निघून जाते व सत्त्व भांड्यात राहते. पटलाशी हेच घडते, फक्त विस्तवाऐवजी दाब असतो. आटीव म्हटल्याबरोबर ऐकणारा आपण होऊन विचारतो, काय आटले? दुसऱ्या बाजूस पार झालेल्या पाण्याला 'पाझर' म्हणावे. प्राकृत 'पज्झर'पासून आलेला हा शब्द पाझर तलावांमुळे महाराष्ट्रातील प्रत्येक शेतकऱ्याच्या ओळखीचा आहे, आणि 'शुद्ध' शब्दाप्रमाणे तो कोणतेही आश्वासन देत नाही. पाझरलेल्या पाण्यात काय आहे ते मोजूनच ठरवावे लागते, हे त्याच्या अर्थातच आहे.

आटीवाचे पुढे काय करावयाचे, याची उत्तरे रसायनशास्त्राजवळ आहेत. निकेलच्या मुलाम्याच्या कारखान्यात धुण्याच्या पाण्याचे आटीव पुन्हा मुलाम्याच्या हौदात घालता येते, म्हणजे झारेकऱ्याचाच न्याय. क्रोमियमचे अधिक विषारी रूप आधी सौम्य रूपात आणून मग चुन्याने त्याचा साका पाडतात. हा साका घातक कचऱ्यासाठी राखलेल्या जागीच पुरावा लागतो. मुंबईच्या महानगरपालिकेने कचऱ्याच्या जागेस 'क्षेपणभूमी' असे भारदस्त नाव दिले आहे; त्यात फेकण्याची क्रिया आहे, सांभाळण्याची नाही.

'आटीव' या शब्दावर एक आक्षेप संभवतो. आटीव दूध, आटीव बासुंदी यांच्या संगतीने या शब्दास गोडी चिकटली आहे, ती येथे नको. आक्षेप खरा आहे. म्हणून कारखान्यांच्या संदर्भात सुटा 'आटीव' न वापरता 'आटीव सांडपाणी' असा जोडशब्द योजावा. 'सांड' या अवयवामुळे गोडी आपोआप उतरते. शहाद्याकडे अहिराणी, गुजरी व भिल्ली बोलणारे लोक राहतात, त्यांच्यापर्यंत संस्कृत समासापेक्षा हा शब्द लवकर पोहोचेल. कोशातली नोंद मग साधारणतः अशी व्हावी : 'पटलगाळण, स्त्री. : पातळ पापुद्र्यावर दाबाने पाणी लोटून त्याचे पाझर व आटीव असे दोन भाग करण्याची क्रिया, पाण्यातील विरघळलेला धातू, अडल्यास, आटीवात राहतो.' या नोंदीतील 'अडल्यास' हा शब्द संपादकांनी गाळू नये.